व्यवहारगणिताचे शालेय शिक्षण

देवघेव, वजनमाप, नफातोटा, व्याज, वटाव, दलाली, भागीदारी, विमा, कर आणि जमाखर्च यांसाठी लागणाऱ्या गणिताच्या भागास व्यवहारगणित वा व्यापारी अंकगणित असे म्हणतात. त्यातील क्रिया बहुधा साध्या असतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि प्रमाण यांच्या पलीकडे तीत फारसे काही येत नाही. अवघड असते ते व्यवहाराच्या अटी ओळखून त्यांना योग्य ती क्रिया लावणे. ह्यामुळेच हा विषय शाळेत कोणी, कोणत्या वयाच्या मुलांना व कशासाठी शिकवावा ह्याबद्दल दीर्घकाळ मतभेद होत आले आहेत. माध्यमिक शाळेवर एका बाजूने विद्यापीठाचा व दुसऱ्या बाजूने बाजारपेठेचा हक्क सांगितला जातो, आणि व्यवहारगणिताचे स्थान ह्या दोन ओढींतील बलाबलाप्रमाणे बदलत गेले. महाराष्ट्रातील त्याचा इतिहास ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

प्राचीन भारतीय परंपरेत पाटीगणिताच्या ग्रंथांतून परिकर्मे व व्यवहार असे दोन भाग पाडलेले आढळतात. त्यांपैकी मिश्रक व्यवहारात मुद्दल व व्याज यांची एकत्रित रक्कम वेगळी करणे, भागीदारांत नफ्याची वाटणी करणे, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटविल्यास येणारा कस काढणे अशी उदाहरणे येत. भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावती ह्या ग्रंथाचा प्रारंभच नाणी, वजने व मापे यांच्या कोष्टकांनी होतो. त्यातील त्रैराशिक, पंचराशिक व भांडप्रतिभांड (मालाच्या बदल्यात माल) ही प्रकरणे उघडउघड व्यापाऱ्याच्या उपयोगाची आहेत. व्याजाच्या उदाहरणांत दरमहा शेकडा पाच असा दर घेतलेला दिसतो. तो वर्षाला साठ टक्के पडतो. अर्थात ग्रंथातील दर म्हणजे बाजारातील दर असे मानण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. तथापि संस्कृत ग्रंथांचे हे अध्ययन ज्योतिषी व पंडित यांच्यापुरते मर्यादित होते. दुकानातील मुलगा हिशेब शिकला तो लीलावतीवरून नव्हे.

त्याच सुमारास भारतीय अंक व त्रैराशिकाची रीत अरबांच्या द्वारे यूरोपात पोहोचली. पिसा येथील लेओनार्दो याच्या १२०२ मधील ग्रंथानंतर इटलीच्या व्यापारी नगरांत केवळ हिशेब शिकविणाऱ्या स्वतंत्र शाळा निघाल्या. फ्लॉरेन्समधील अशा सहा शाळांत हजार ते बाराशे मुले शिकत असल्याचे चौदाव्या शतकातील इतिवृत्तकार जोव्हान्नी व्हिल्लानी याने नमूद केले आहे. लॅटिन शिकविणाऱ्या शाळा वेगळ्या असत. विद्वत्तेची शाळा आणि हिशेबाची शाळा यांची ही फारकत पुढे अनेक देशांत निरनिराळ्या रूपांनी टिकून राहिली.

महाराष्ट्रात इंग्रजी अंमलापूर्वी व त्याच्या प्रारंभकाळी हिशेबाचे शिक्षण पंतोजींच्या शाळांतून मिळे. देवळाची ओसरी, धर्मशाळा किंवा एखाद्या गृहस्थाचा सोपा हीच शाळेची जागा. १८२९ मधील सरकारी माहितीनुसार मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी होते. त्यांपैकी बहुसंख्य शाळा अशाच खाजगी होत्या. मुले धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवीत आणि उजळणी सामुदायिक रीत्या मोठ्याने म्हणत. लेखनात मोडी लिपीला महत्त्व असे, कारण कारकुनी व जमाखर्च मोडीतच चाले.

ह्या उजळणीचे वैशिष्ट्य पूर्णांकांच्या पाढ्यांत नसून अपूर्णांकांच्या पाढ्यांत होते. पावकी (१/४), निमकी (१/२), पाऊणकी (३/४), सवायकी (१ १/४), दिडकी (१ १/२), अडीचकी (२ १/२) व औटकी (३ १/२) असे पाढे मुलांकडून मुखोद्‌गत करून घेतले जात. नंतरच्या काळात निरर्थक घोकंपट्टीचा नमुना म्हणून त्यांची बरीच थट्टा झाली. पण ज्या नाण्यांशी व वजनांशी त्यांची सांगड होती ती लक्षात घेतली म्हणजे त्यांचा उपयोग स्पष्ट होतो. रुपयाच्या चार पावल्या, सोळा आणे व चौसष्ट पैसे. मणाचे चाळीस शेर. तोळ्याचे बारा मासे. बिघ्याचे वीस पांड, अशी ही व्यवस्था होती. तीत दहाने भागण्याचा प्रसंग क्वचित व चाराने भागण्याचा प्रसंग पदोपदी येई. चाळीस शेरांना सोळा आण्यांनी भागले असता अडीच येतात. म्हणून मणाला जितके रुपये भाव, तितके आणे अडीच शेरांची किंमत, असा आडाखा तयार होतो. सात रुपये मण भावाने अडीच शेरांना सात आणे आणि दहा शेरांना अठ्ठावीस आणे, म्हणजे पावणेदोन रुपये पडतात. अडीचकी येणाऱ्यास हा हिशेब करण्यास कागद लागत नसे. लेखनातही हीच चतुर्थांशाची पद्धत होती : सव्वा १।, दीड १॥ व पावणेदोन १॥। असे उभ्या रेघांनी लिहीत. मराठी गणितात अंश-छेदाच्या अपूर्णांकांस ‘व्यवहारी अपूर्णांक’ ही संज्ञा रूढ झाली, तीमागे हीच वस्तुस्थिती असावी.

ह्या शिक्षणाच्या मर्यादाही ठळक होत्या. आडाखा का बरोबर येतो हे कोणी सांगत नसे व विचारीतही नसे. मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना शाळेत जवळजवळ प्रवेश नव्हता. कुणब्याची मुले आली तरी शेतीच्या हंगामात गळत. सावकारांचे व वाण्यांचे मुलगे पुढील शिक्षण घराच्या पेढीवरच घेत. रोजकीर्द लिहिणे, खतावणी करणे, जमा व नावे यांचा मेळ घालणे, हुंडीची मुदत व वटाव काढणे ह्या गोष्टी शाळेच्या कक्षेबाहेर राहत. परिणामी पाढे अनेकांना येत, पण खातेवही वाचणे थोड्यांनाच येई.

१८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या व १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने शाळा काढण्याबरोबर क्रमिक पुस्तकेही सिद्ध केली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले. त्यानंतरच्या पिढीत केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांनी शालेय पुस्तके लिहिली. नव्या पुस्तकांत रीत, तिचे कारण व उदाहरणसंग्रह असा क्रम असे. विद्यार्थ्याने पाटीवर क्रिया मांडून दाखवावी अशी अपेक्षा आली आणि गणित हा तोंडाचा विषय होता तो लेखणीचा झाला. हा लाभ मोठा होता. मात्र त्यामुळे तोंडी हिशेबाचे महत्त्व कमी झाले, आणि नव्या शाळेत शिकलेला मुलगा दुकानात चटकन हिशेब करू शकत नाही, ही तक्रार तेव्हापासून सुरू झाली ती पुढे कधीच पुरती थांबली नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले व १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. इंग्रजी शाळांचा अभ्यासक्रम ह्या परीक्षेने ठरविला. यूक्लिडची भूमिती व बीजगणित यांना प्रतिष्ठा आली. अंकगणित राहिले, परंतु इंग्रजी पुस्तकांतील उदाहरणे पौंड, शिलिंग व पेन्स यांत असत. याउलट मराठी शाळांतील वरच्या इयत्तांत रुपये-आणे-पै, खंडी-मण-शेर, व्याज व जमाखर्च यांवर भर राहिला. ह्या शाळांतून व्हर्न्याक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांस शिक्षकाची व तलाठ्याची नोकरी मिळे. पुस्तकी प्रतिष्ठेची शाळा एक व व्यवहाराची शाळा दुसरी, अशी विभागणी येथेही घडून आली.

हिशेब न येण्याची किंमत काय असते, हे १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनी दाखवून दिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला हा उठाव अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदांवर होता. कर्जखते व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यात आले. दंग्यांमागे शेतमालाच्या भावातील घसरण, सारावाढ, नव्या न्यायालयांची कार्यपद्धती अशी अनेक कारणे होती आणि त्यांत केवळ निरक्षरतेवर बोट ठेवणे चुकीचे ठरेल. पण कर्ज वाढत कसे गेले हा भाग निव्वळ व्यवहारगणिताचा आहे. व्याजाचा दर वर्षाच्या शेकडेवारीत न सांगता रुपयामागे दरमहा सांगत. रुपयाला महिना एक पैसा हा दर कानाला हलका वाटतो. पण पैसा हा रुपयाचा चौसष्टावा भाग असल्याने तो वर्षाला पावणेएकोणीस टक्के होतो. अर्ध्या आण्याच्या दराने साडेसदतीस व एका आण्याच्या दराने पंचाहत्तर टक्के पडतात.

हिंदू कायद्यातील दामदुपटीच्या नियमानुसार कोणत्याही वेळी येणे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नसे. दरमहा शेकडा दोन दराने घेतलेल्या १०० रुपयांवर पन्नास महिन्यांत १०० रुपये व्याज साठते आणि नियमानुसार ते तेथेच थांबावयास हवे. परंतु दर दोन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले, तर पहिल्या खताच्या अखेरीस १४८, दुसऱ्याच्या अखेरीस सुमारे २१९ व तिसऱ्याच्या अखेरीस सुमारे ३२४ रुपये येणे होतात. प्रत्येक खतापुरता दामदुपटीचा नियम पाळला जातो, आणि तरीही सहा वर्षांत कर्ज तिपटीहून अधिक होते. येथे गुणाकाराची चूक कोठेही नाही. खत नवे केल्याने जुने व्याज मुद्दल बनते ही एक गोष्ट ज्याला कळत नव्हती, त्याला अडीचकी-औटकी येऊन उपयोग नव्हता. त्यातच अनेक सावकारांच्या वह्या गुजराती वा मारवाडी लिपीत असत.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास खतामागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल व व्याज यांची खाती वेगळी मांडावीत व मध्यंतरी मुद्दलात मिळविलेले व्याज सामान्यतः मुद्दल धरू नये असे त्यात होते. ऋणकोने मागितल्यास हिशेबाचा उतारा देण्याची तरतूदही होती. शेतकऱ्याला जो हिशेब करता येत नव्हता तो न्यायाधीशाने करावा, असा ह्या कायद्याचा एका अर्थाने आशय होता. त्याला हिशेब शिकविण्याचा मार्ग दुसऱ्या बाजूने सुचविला गेला. १८८२ मध्ये शिक्षण आयोगापुढे (हंटर आयोग) दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण बहुजनांपर्यंत नेण्याची मागणी केली व अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि जमाखर्च यांना अग्रस्थान दिले. शेतीचे प्राथमिक ज्ञानही त्यांनी त्यात धरले. मोडी व जमाखर्च यांची जोडी ही त्या काळी खत व खातेवही वाचता येण्याची किमान अट होती, हे ध्यानात घेतल्यास ह्या मागणीचा नेमका अर्थ उमगतो.

हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यापार व अन्य व्यवसायांस उपयुक्त, अशी शिफारस केली. ती बहुतांशी कागदावर राहिली. सरकारी नोकरी व पदवी यांचा मार्ग पहिल्याच शाखेतून जात असल्याने पालकांनी दुसरीकडे पाठ फिरविली. मुंबईस १९१३ मध्ये सिडनेहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाल्यावर वाणिज्यशिक्षणाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली, पण तीही महाविद्यालयाच्या पातळीवर. १९०४ च्या कायद्यानंतर खेड्यापाड्यांत सहकारी पतपेढ्या निघू लागल्या आणि त्यांची दप्तरे लिहिण्यास माणसे हवी झाली. ती गरज बरीचशी मराठी शाळांतील शिक्षकांनी व जुन्या सातवी उत्तीर्णांनी भागविली. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत गणित हे कताईसारख्या उद्योगाशी व घरगुती जीवनाशी जोडण्याचा आणि त्यात हिशेबठेवणीचा अंतर्भाव करण्याचा विचार होता. कल्पना चांगली होती. परंतु सुताच्या लडी मोजून जितके गणित सुचते त्यापलीकडे ती जाऊ शकली नाही.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली व वाणिज्य हा ऐच्छिक विषयांचा एक गट ठेवला. ह्या सुमारास मोडी शाळांतून गेली होती. अंकगणितावर याहून मोठा परिणाम १ एप्रिल १९५७ रोजी अंमलात आलेल्या दशमान नाणेपद्धतीचा झाला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मीटर, किलोग्रॅम व लिटर ही मापे आली. चार आण्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे होत. पण एका आण्याचे सव्वासहा होत असल्याने सरकारी कोष्टकात एका आण्यास ६, दोन आण्यांस १२ व तीन आण्यांस १९ नवे पैसे धरले गेले. आण्याची वस्तू सोळा वेळा सुटी घेतली तर ग्राहक ९६ नवे पैसे देई. दुकानदाराने सात नवे पैसे भाव लावला तर त्याच सोळा वस्तूंना ११२ पडत. शाळेत आसन्न किंमतीचा धडा शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळाले नसते, आणि काही काळ ते प्रत्येक घरात चर्चिले गेले. १९६४ मध्ये ‘नवा’ हे विशेषण गळाले.

दशमान पद्धतीने शाळेचा फार मोठा वेळ वाचविला. पूर्वी मिश्र परिमाणांचे रूपांतर, म्हणजे खंडी-मण-शेरांचे शेर करणे व पुन्हा उलट जाणे, ह्यांवर वरच्या इयत्तांतील कित्येक महिने खर्ची पडत. आता दशांशचिन्ह सरकविले की काम भागते. शेकडेवारी समजणेही सोपे झाले. पावकी-निमकीचे पाढे मात्र ज्या आधारावर उभे होते तो आधारच नाहीसा झाल्याने ते एका पिढीत विस्मृतीत गेले. त्याबद्दल हळहळ व्यक्त होते, पण चौसष्ट पैशांचा रुपया नसताना त्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. बाजारातील भाषेत पाव किलो, अडीचशे ग्रॅम, दीडपट हे शब्द टिकून आहेत. ‘व्यवहारी अपूर्णांक’ ही संज्ञाही व्यवहार दशांशात गेल्यानंतर दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत राहिली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) दहावीपर्यंत सर्वांना गणित व विज्ञान आवश्यक असावे असे सुचविले. महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाची पहिली शालान्त परीक्षा झाली. वाणिज्य ही अकरावी-बारावीची शाखा बनली व पुस्तपालन तेथे शिकविले जाऊ लागले. ह्याचा एक परिणाम असा की, जमाखर्चाचे पद्धतशीर शिक्षण वाणिज्य शाखा निवडणाऱ्यांपुरतेच उरले. दहावीनंतर शाळा सोडणारा मुलगा वा मुलगी, ज्यांना छोटे दुकान चालवावयाचे किंवा बचतगटाचे दप्तर सांभाळावयाचे असते, ते बीजगणित व भूमिती शिकून बाहेर पडतात. रोजकीर्द त्यांनी पाहिलेली नसते. काही वर्षे नववी-दहावीस सामान्य गणित हा सोपा पर्याय उपलब्ध होता. तो व्यवहाराकडे झुकलेला असला, तरी गणितात कच्च्या मुलांची सोय अशीच त्याची ओळख झाली आणि पुढे तो बंद करण्यात आला. व्यवहाराचे गणित म्हणजे कमी दर्जाचे गणित, हा जुना ग्रह येथेही आडवा आला.

२०१७ व २०१८ मध्ये आलेल्या नववी व दहावीच्या बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकांत (गणित भाग पहिला) ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण सर्व विद्यार्थ्यांसाठी घालण्यात आले. बचत व गुंतवणूक, आयकर, १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवाकर, शेअर व म्युच्युअल फंड यांचा त्यात समावेश आहे. करबीजकावरून केंद्राचा व राज्याचा कर वेगवेगळा काढणे हे पंतोजींच्या काळातील वाण्याच्या बिलाइतकेच आजच्या दुकानाचे नित्याचे काम असल्याने, हा बदल योग्य दिशेचा आहे. हप्त्याने फेडावयाच्या कर्जाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १२,००० रुपयांवर सरसकट १० टक्के व्याज धरून दरमहा १,१०० रुपयांचे बारा हप्ते ठरविल्यास एकूण व्याज १,२०० रुपये होते व शाळेतील सरळव्याजाच्या सूत्राने ते बरोबर १० टक्केच दिसते. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण १२,००० रुपयांवर आकारलेले असते. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला, तर हाच दर वर्षाला सुमारे १८ टक्के भरतो. तो काढण्यास उच्च गणिताची गरज नाही. महिन्यागणिक मुद्दल, व्याज व बाकी असे तीन रकाने आखून बारा ओळी लिहिल्या म्हणजे पुरे. मुद्दल व व्याज यांची अशीच वेगळी मांडणी १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना करावयास सांगितली होती.